थांबा म्हणणारा माणूस वेगळा हवा

शनिवारी संध्याकाळी ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत घरोघरी एक प्रश्न विचारला जातो : उद्या ब्लॉक कुठे आहे? कुणाला दादरला लग्नाला जायचं असतं, कुणाची परळला ड्युटी असते, कुणाच्या मुलाची परीक्षा असते. धिम्या मार्गावरच्या गाड्या जलद मार्गावर वळवल्या की कोपर, ठाकुर्ली, मुंब्रा, कळव्याच्या माणसाला पुढच्या स्टेशनवर उतरून उलट यावं लागतं. ही चिडचिड खरी आहे आणि रास्तही आहे. पण रविवारच्या त्या चार-पाच तासांत एक गोष्ट घडते, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. रूळ, ओव्हरहेड वायर आणि सिग्नल सांभाळणारे विभाग गाड्या चालवणाऱ्या विभागाकडून मार्ग मागून घेतात, ताब्यात ठेवतात आणि काम झाल्यावरच परत देतात. गाडी वेळेवर सोडण्याची जबाबदारी एकाची आणि रूळ धड आहे की नाही हे ठरवण्याची दुसऱ्याची. यंत्र जुनं की नवं यापेक्षा ही फारकत जास्त माणसं वाचवते, असं माझं ठाम मत आहे. ते मांडण्यासाठी विमानाचं उदाहरण घेतो, कारण विमान पडल्यावर तपास जितका खोलात जातो तितका आपल्याकडे इमारतीच्या किंवा पुलाच्या पडझडीचा क्वचितच जातो.

२ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात, ब्रॅडली विमानतळावर, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक बी-१७ बॉम्बर उतरताना कोसळलं. ‘नाइन-ओ-नाइन’ हे नाव रंगवलेलं हे विमान कॉलिंग्ज फाउंडेशन नावाची संस्था गावोगाव नेत असे आणि पैसे घेऊन हौशी लोकांना आकाशात एक फेरी मारून आणत असे. त्या सकाळी आत १० प्रवासी आणि ३ कर्मचारी होते. चार इंजिनांपैकी चौथं सुरुवातीपासूनच त्रास देत होतं. दमट हवेमुळे पाणी धरलं असेल या समजुतीनं कर्मचाऱ्यांनी इंजिनाच्या त्या भागावर नायट्रोजनचा झोत मारून ओल उडवली, इंजिन पुन्हा चालू केलं आणि विमान निघालं. वर गेल्यावर काही मिनिटांतच चौथ्या इंजिनानं मान टाकली. वैमानिकानं विमान परत वळवलं, पण चाकं लवकर खाली सोडली गेली, उरलेल्या ताकदीवर उंची टिकेना आणि धावपट्टीच्या अलीकडेच विमान दिव्यांच्या खांबांवर आदळलं. तिथून ते उजवीकडे भरकटलं, विमानांवरचा बर्फ काढण्याचं द्रावण साठवलेल्या टाकीवर जाऊन धडकलं आणि पेटलं. ७ जण गेले. त्यांत ५ प्रवासी होते, आणि दोन्ही वैमानिक.

तपासात काय सापडलं हे समजायला विमानशास्त्र शिकण्याची गरज नाही, जुनी बजाज स्कूटर आठवली तरी पुरे. प्लगमध्ये काजळी धरली की स्कूटर तिरकी करायची, किक मारायची, तरी नाहीच चालू झाली तर प्लग काढून काचपेपरनं घासायचा, टोकांमधली फट डोळ्यांनी बघून ठीक करायची. हे काम आपल्याकडे एक पिढीभर घराघरातली माणसं करत होती. बी-१७च्या प्रत्येक इंजिनात नऊ सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग, आणि त्यांना ठिणगी पुरवणारे दोन स्वतंत्र मॅग्नेटो. दोन अशासाठी की एक बंद पडला तरी दुसऱ्यावर इंजिन चालावं. चौथ्या इंजिनाच्या एका मॅग्नेटोची वायर जागेवरून सुटलेली होती आणि ती साध्या तारेनं बांधून ठेवलेली होती. त्यामुळे तो मॅग्नेटो शॉर्ट होऊन निकामी झाला. दुसऱ्याचा आतला भाग इतका झिजलेला होता की त्याची ठिणगी क्षीण पडत होती. म्हणजे आधारासाठी ठेवलेला दुसरा खांबही पोकळ होता. तिसऱ्या इंजिनाचे प्लग तपासले तर त्यांच्या टोकांमधली फट ठरलेल्या मापाच्या बाहेर गेलेली आणि त्यांवर थर साचलेला. प्लगची फट एका रात्रीत वाढत नाही आणि मॅग्नेटो एका सकाळी झिजत नाही. कितीतरी उड्डाणं या दोषांसह झाली असणार, आणि प्रत्येक सुखरूप उड्डाणानंतर ‘चालतंय की’ हा विश्वास थोडा वाढला असणार.

माझ्या मते या प्रकरणाचा गाभा पुढेच आहे. विमान चालवणारा वैमानिक आणि संस्थेच्या देखभालीचा प्रमुख ही एकच व्यक्ती होती. विमान दौऱ्यावर असताना इंजिन तपासायचं त्यानं, ते उडण्याजोगं आहे असं ठरवायचं त्यानं आणि उडवायचंही त्यानंच. तो नवखा किंवा बेफिकीर माणूस नव्हता. बी-१७ चालवण्याचा त्याच्याइतका अनुभव असलेले वैमानिक जगात फार थोडे असतील, आणि तो त्याच विमानात मरण पावला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०२१ मध्ये अहवाल दिला तेव्हा मुख्य कारण म्हणून वैमानिकाचं हवेतलं चुकलेलं नियोजन नोंदवलं, आणि त्याला जोडून तीन गोष्टी मांडल्या : दौऱ्यावर असताना झालेली अपुरी देखभाल, संस्थेची कुचकामी सुरक्षा व्यवस्था आणि त्या व्यवस्थेवर सरकारी यंत्रणेची पुरेशी नजर नसणं. हे तिन्ही मुद्दे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. ‘आज उडायचं नाही’ हे सांगण्याचा अधिकार असलेला, आणि न उडाल्यानं ज्याचं काही बुडत नाही, असा एकही माणूस त्या सकाळी त्या विमानाजवळ नव्हता. बाहेर तिकीट काढलेले लोक उभे होते. अशा वेळी माणूस स्वतःला फसवतो, आणि तो प्रामाणिक असला तरी फसवतो.

यावर पहिला आक्षेप सरळ येतो : पंच्याहत्तर वर्षांचं विमान उडवायचंच कशाला? संग्रहालयात ठेवा. हा आक्षेप मला मान्य नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन पुस मॉथ विमान जुहूला आणलं. बरोबर ५० वर्षांनी, १९८२ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी त्यांनी त्याच काळातलं लेपर्ड मॉथ हे विमान त्याच वाटेनं एकट्यानं चालवत जुहूला सुखरूप उतरवलं. आपल्या हवाई दलाकडे आज उडू शकणारं एक डाकोटा आहे. भंगारात निघालेलं ते विमान ब्रिटनमध्ये पुन्हा उभं केलं गेलं आणि २०१८ मध्ये तिथून उडत भारतात आलं. उलट ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात एकाच प्रशिक्षण संस्थेची दोन विमानं चार दिवसांच्या आत पडली, १९ तारखेला एक आणि २२ तारखेला दुसरं. ती अलीकडच्या बनावटीची विमानं होती. सुदैवानं कुणी दगावलं नाही, पण नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं लगेच त्या संस्थेचं प्रशिक्षण थांबवलं, आणि त्यामागे देखभालीतल्या त्रुटी हे कारण होतं. वयाचा दाखला पाहून सुरक्षितता ठरवायची तर बारामतीची विमानं पास झाली असती आणि जेआरडींचं नापास.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बहुतेक अपघातांत शेवटी माणसाचीच चूक निघते, ब्रॅडलीच्या अहवालानंही वैमानिकाचंच नाव आधी घेतलं, मग देखभालीवर एवढा भर कशाला? हे खरं आहे की वैमानिकानं त्या दिवशी धावपट्टी जवळ येईपर्यंत चाकं वरच ठेवली असती तर कदाचित विमान धावपट्टीपर्यंत पोहोचलं असतं. पण बिघडलेल्या इंजिनानं त्याला त्या कोंडीत आणलं नसतं तर निर्णयाची वेळच आली नसती. देखभालीतली चूक अशीच असते. ती करणाऱ्याच्या हातून केव्हाच निसटलेली असते आणि भलत्याच दिवशी, भलत्याच माणसासमोर उभी राहते. जपान एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ची शेपटी १९७८ मध्ये ओसाकाला उतरताना धावपट्टीवर घासली. दुरुस्ती झाली, पण जिथे रिव्हेटच्या दोन रांगांनी भार पेलायचा तिथे तो एकाच रांगेवर आला. विमान ७ वर्षं उडत राहिलं. १२ ऑगस्ट १९८५ रोजी मागची भिंत फुटली आणि ५२० माणसं गेली. आपल्याकडे १२ ऑक्टोबर १९७६ रोजी इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल सांताक्रूझहून मद्रासला निघालं, इंजिन पेटलं म्हणून परत फिरलं आणि धावपट्टी समोर दिसत असताना कोसळलं. ९५ जण त्यात गेले. मूळ होतं इंजिनातल्या एका चकतीला थकव्यामुळे गेलेल्या भेगेत. या दोन्ही विमानांच्या वैमानिकांना शेवटच्या मिनिटांत दोष देऊन काय साधणार होतं?

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक अपघातात देखभालच दोषी निघते असं नाही. स्वित्झर्लंडमध्ये ४ ऑगस्ट २०१८ रोजी १९३९ सालचं युंकर्स-५२ विमान डोंगरात कोसळून २० जण मरण पावले. तपासात वैमानिकांनी धोकादायक रीतीनं विमान चालवल्याचं सिद्ध झालं. देखभालीतल्या गंभीर उणिवाही सापडल्या, गंजसुद्धा सापडला, पण अपघात त्यांच्यामुळे झाला नव्हता. तरी मला हे उदाहरण माझ्या मुद्द्याच्या बाजूचंच वाटतं. ज्या संस्थेत वैमानिकांचे नियमभंग वर्षानुवर्षं खपतात त्याच संस्थेत गंजही खपतो. दोन्हींचं कारण तेच आहे : टोकणारं कुणी नसतं.

हे सगळं ठाणे-कल्याणच्या वाचकाला परदेशी वाटू नये. २८ जून २०१८ रोजी दुपारी घाटकोपरच्या जीवदया लेनमध्ये एक किंग एअर सी-९० विमान बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर कोसळलं. पूर्वी उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचं असलेलं हे विमान एका खासगी कंपनीनं घेतलं होतं. बराच काळ जमिनीवर राहिल्यावर जुहूला त्याची दुरुस्ती झाली आणि त्यानंतरच्या चाचणी उड्डाणावरून ते परत उतरायला येत होतं. पावसाळी हवा होती. आत दोन वैमानिक, एक अभियंता आणि एक तंत्रज्ञ होते. चौघंही गेले, आणि रस्त्यानं जाणारा एक पादचारीही. बांधकामावरचे मजूर जेवायला गेले होते म्हणून आकडा तिथेच थांबला. दुरुस्ती करणाऱ्यांच्या बाजूची माणसं स्वतः त्या विमानात बसली होती, ही गोष्ट मनाला लागते. आपल्या कामावर त्यांचा विश्वास होता. इथे मी कारणाबद्दल कसलाही निवाडा देत नाही. पण वर्षानुवर्षं उभं असलेलं विमान दुरुस्तीनंतर पहिल्यांदा कुठल्या हवेत आणि कुणाच्या डोक्यावरून उडवायचं हाही देखभालीचाच निर्णय असतो. तो विमानाच्या मालकाची घाई नसलेल्या आणि खालच्या वस्तीचा विचार करणं हेच ज्याचं काम आहे अशा माणसानं घ्यायला हवा. घाटकोपरपासून ठाणं फार लांब नाही. आता २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरूनही विमानं उडू लागली आहेत. डोंबिवलीच्या गच्चीवरून दिसणाऱ्या विमानांची संख्या वाढत जाणार, त्यांत मोठ्या कंपन्यांच्या विमानांबरोबर छोटी खासगी विमानंही असणार, आणि खाली एकाला एक खेटून उभ्या इमारती आहेत.

या इमारतींकडे पाहिलं की विमानाचा धडा जास्तच टोचतो. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फरशीचं काम चालू असताना स्लॅब खचला आणि एकेक मजला फोडत खाली आला. ६ जणांचा जीव गेला, त्यांत एक दोन वर्षांचं मूल होतं. इमारत ३० वर्षांहून जुनी झाली की तिचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यावं असा कायदा राज्यात आहे. पण ऑडिट करणारा अभियंता निवडते सोसायटी, त्याचे पैसे देते सोसायटी, आणि अहवाल ‘राहण्यास धोकादायक’ असा आला तर बेघर होतात त्याच सोसायटीचे सभासद. हे सभासद वाईट नसतात. भाड्याचं घर परवडत नाही, पुनर्विकास अडलेला असतो, म्हातारे आईवडील असतात. ब्रॅडलीच्या वैमानिकासारखेच तेही एकाच वेळी आत बसलेले आणि तपासणारे असतात. मग ‘किरकोळ दुरुस्ती सुचवली आहे’ या वाक्यावर सगळ्यांचं समाधान होतं.

याच गावात उलट घडल्याचं उदाहरणही आहे, आणि ते मला फार मोलाचं वाटतं. जुलै २०१८ मध्ये अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर पडला. त्यानंतर रेल्वे आणि आयआयटीच्या तज्ज्ञांनी जुने पूल तपासले तेव्हा कल्याणचा शंभरी ओलांडलेला पत्री पूल धोकादायक ठरला. ऑगस्टमध्ये तो बंद झाला आणि १८ नोव्हेंबरला पाडला गेला. नवा पूल २५ जानेवारी २०२१ रोजी खुला झाला. मधली दोन वर्षं कल्याण-डोंबिवलीच्या माणसानं काय काढलं ते त्यालाच माहीत : वीस मिनिटांच्या वाटेला दीड तास, अडकलेल्या रुग्णवाहिका, रोजची कोंडी. नव्या पुलाच्या दिरंगाईवर जी टीका झाली ती योग्यच होती. पण पूल बंद करण्याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांचं त्या पुलावरून रोज जाणं-येणं नव्हतं, टोल नव्हता, मतंही नव्हती. म्हणूनच ते ‘बंद करा’ म्हणू शकले, आणि त्या पुलाखाली कुणी चिरडलं गेलं नाही. न घडलेल्या अपघाताची बातमी होत नाही, त्यामुळे त्या तज्ज्ञांचं श्रेय कुणी त्यांना दिलं नाही. ते द्यायला हवं.

शेवटचे दोन आक्षेप व्यवहाराचे आहेत. स्वतंत्र तपासणीला पैसा लागतो, आणि ती अनेकदा कागदावरच उरते. दुसरा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. मुंबईत सीएसएमटीजवळचा पादचारी पूल १४ मार्च २०१९ रोजी पडला तेव्हा त्याच्या ऑडिटला फार दिवस झाले नव्हते आणि पूल वापरण्याजोगा असल्याचा शेरा त्यावर होता. शिक्का मारणारा वेगळा असला तरी तो पाहतच नसेल तर उपयोग शून्य. म्हणून विमानाच्या हँगरमध्ये एक जुना दंडक आहे : विमानाचं नियंत्रण करणाऱ्या यंत्रणेला हात लागला की काम करणाऱ्यानं सही करायची आणि त्या कामात हात नसलेल्या दुसऱ्या अधिकृत माणसानं ते स्वतः पाहून दुसरी सही करायची. दोन्ही सह्या नावानिशी लॉगबुकात राहतात. विमान विकलं गेलं तरी लॉगबुक त्याच्याबरोबर जातं, आणि दहा वर्षांनी काही झालं तर ते पान उघडतं. आपल्या इमारतीला असं पान नाही. कुठल्या साली कुठल्या मजल्यावर कुणी भिंत काढली, गळती कधी सुरू झाली, प्लास्टर कुणी मारलं, सळई उघडी पडली होती का, याची नोंद फार तर जुन्या सेक्रेटरींच्या आठवणीत असते आणि ते गेले की तीही जाते.

खर्चाचं म्हणाल तर तो आहेच, आणि गरीब सोसायट्यांवर तो टाकून चालणार नाही. पण ऑडिटरची निवड सोसायटीच्या हातातून काढून महापालिकेनं पात्र अभियंत्यांच्या यादीतून चिठ्ठी टाकून करावी, शुल्क सोसायटीनं महापालिकेत भरावं आणि अभियंत्याला ते तिथून मिळावं, एवढ्याला नवा पैसा लागत नाही. आज जे पैसे दिले जातात तेच वेगळ्या वाटेनं जातील. ज्यांना तेवढंही झेपत नाही त्यांच्यासाठी महापालिकेनं स्वतःचा निधी ठेवावा. धोकादायक ठरलेल्या इमारतीतल्या कुटुंबांसाठी संक्रमण शिबिरातल्या खोल्या आधी तयार असाव्यात, कारण जायला जागा असल्याशिवाय कुठलाही बाप ‘आपलं घर पाडा’ असा अहवाल मागणार नाही. विमानांच्या बाबतीतली मागणी याहून सोपी आहे. प्रशिक्षणाच्या, भाड्याच्या आणि चाचणीच्या उड्डाणांसाठी देखभालीचा प्रमुख आणि त्या दिवशीचा वैमानिक ही एकच व्यक्ती असू नये. दीर्घकाळ जमिनीवर राहिलेल्या विमानाचं पहिलं उड्डाण दाट वस्तीवरून होऊ नये. महासंचालनालयाच्या तपासण्यांचे निष्कर्ष संस्थेच्या नावासह लोकांसमोर यावेत, म्हणजे बारामतीला मुलगी वैमानिक व्हायला पाठवणाऱ्या डोंबिवलीच्या आईवडिलांना फी भरण्याआधी ते वाचता येतील.